पेशंट पालथा आहे

सन्माननीय अध्यक्ष महोदया, व्यासपीठावरील सर्जनसाहेब, आज निवृत्त होत असलेल्या आमच्या सिस्टर, सर्व सहकारी आणि आवर्जून आलेले आमचे जुने रुग्ण,

मला पाच मिनिटं दिली आहेत. सिस्टरांसमोर मी तेवीस वर्षं नुसता ऐकत आलो, तेव्हा पाच मिनिटं म्हणजे चैनच म्हणायची.

सर्जनसाहेबांचं आणि माझं भांडण इथे कुणाला ठाऊक नाही? मूत्रपिंडाच्या डोक्यावर ॲड्रिनल नावाची चिमुकली ग्रंथी असते. तिच्यातली गाठ हार्मोन ओतू लागली, की बीपी गोळ्यांना जुमानत नाही. साहेब म्हणत, पोटाला तीन भोकं पाडून दुर्बिणीने अख्खी ग्रंथी काढा, कटकट मिटली. मी म्हणे, पाठीतून सुई घालून नुसती गाठ जाळा, ग्रंथी वाचते, माणूस दुसऱ्या दिवशी घरी. शेवटी तुलना करायचं ठरलं. कुणाला कोणता उपचार, ते बंद पाकीट ठरवणार. पाकिटं सिस्टरांच्या कपाटात, कारण आम्हा दोघांवरही कुणाचा भरवसा नव्हता.

माझा सातवा रुग्ण स्कूलबस चालवायचा. चार गोळ्या घेऊनही बीपी एकशे नव्वद, लायसन्स जायच्या बेतात. गाठ डावीकडे. भूल देऊन त्याला सीटीच्या टेबलावर पालथं झोपवलं. पालथ्या माणसाची डावी-उजवी पडद्यावर उलटते, हे मी विद्यार्थ्यांना शिकवतो, बरं का. त्या दिवशी मात्र उताण्या झोपेतली जुनी फिल्म डोक्यात ठेवून मी उजव्या, ठणठणीत ग्रंथीवर नेम धरला.

जाळताना बीपी एकदम उसळतं, म्हणून सिस्टर मॉनिटरपाशी होत्या. त्या हळूच म्हणाल्या, “डॉक्टर, पेशंट पालथा आहे.”

मला दिसतंय, असं मी खेकसलो. त्यांनी वाद घातला नाही. रुग्णाच्या पाठीवर डावीकडे तळवा ठेवला आणि उचललाच नाही. मी पडद्यावरून नजर काढून त्या हाताकडे पाहिलं, तेव्हा चूक कळली. चांगली ग्रंथी जळाली असती, रोगट तशीच राहिली असती, आणि तीही काढली तर माणूस जन्मभर हार्मोनच्या गोळ्यांच्या आधारावर.

सुई डावीकडे गेली. बीपी उसळलं, उतरलं. तुलनेत आम्ही जवळपास बरोबरीत सुटलो, साहेबांना ते अजून पटलेलं नाही. अहवालात मात्र मी लिहिलं, ‘कोणतीही चूक घडली नाही.’ तो वाचून सिस्टर आठवडाभर माझ्याशी बोलल्या नाहीत. परवा विचारलं, निरोपाची भेट काय देऊ? म्हणाल्या, “त्यांना सांगा.”

ते बसचालक चौथ्या रांगेत बसले आहेत, माझ्यासाठीही फुलं घेऊन. काका, तुम्हाला हे आत्ताच कळतंय.

आपण सर्वांनी ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलण्यात काही उणं-अधिक झालं असेल तर सभेने ते सोडून द्यावं. त्या दिवसाचं सोडायचं की नाही, ते तुम्ही ठरवा, काका. मी खाली येतोय.