चौथं पान फुकट

उत्तरा : माझी नव्वीची जोडी. द्या सुपाऱ्या इकडे.

दिवाकर : अगं, तीनदा लावल्या मी! आधी एक, मग दोन, पुन्हा दोन. एवढ्यात माणूस घाबरून पानं टाकतो!

उत्तरा : कोणता माणूस? लग्नाला बत्तीस वर्षं झाली, मी अजून घाबरले नाही.

संपदा : तुमची पानं दाखवा बघू, बाबा. एक्का आणि राजा. आणि मधे उघडलेली नव्वी, अठ्ठी, छक्की, चव्वी, दुर्री. म्हणजे तुमचं काहीच जमलं नव्हतं. मग लावत का सुटलात?

दिवाकर : सुरुवातीला मीच वाढवलं होतं ना? मधली पानं उघडायच्या आधी मीच म्हटलं, एकाच्या दोन. एकदा हातावर पाणी घेऊन संकल्प सोडला, की पूजा अर्धी टाकून उठतात का?

संपदा : झालं! रामकुंडावर चाळीस वर्षं संकल्प सांगितल्याचा हा परिणाम. अहो, वाढवणं म्हणजे संकल्प नव्हे. तेव्हा तुम्ही फक्त हातातली दोन पानं पाहिलेली असतात. मधली तीन उघडली, की नव्याने ठरवायचं.

दिवाकर : ते कसं ठरवायचं, तेच तर कळत नाही. गुडघा बदलल्यापासून पाच आठवडे हे पोकर शिकवतेयस आणि मी रोज घरातल्या सुपाऱ्या घरातच हरतोय.

उत्तरा : बरंय की. पूजेला लागतील तेव्हा माझ्याकडे मागा.

संपदा : आधी बघायचं, समोर किती जण उरलेत. एकच असेल तर आपलं काही जमलेलं नसतानाही एकदा लावून बघावी. बहुतेक वेळा त्याचंही जमलेलं नसतं, तो सोडून देतो. पण तिघं-चौघं असले, की त्यातल्या कुणाचं तरी जमलेलं असतंच. तिथे मुकाट्यानं 'चेक' म्हणायचं. न लावता पुढे जायचं. शिवाय समोर कोण आहे तेही बघायचं. आईपुढे नुसता दरारा दाखवून काय उपयोग? ती पानं टाकतच नाही.

उत्तरा : शेवटपर्यंत बघितल्याशिवाय टाकायची कशी? माझा जीव अडकतो त्यात.

दिवाकर : मग एकदम वीस सुपाऱ्या लावू दे की मला. बघतो कशी टाकत नाही ते!

संपदा : या प्रकारात तसं चालत नाही. आधी एक, मग दोन, हे ठरलेलं. म्हणून समोरच्याला तेवढ्याच लावून डावात येणं स्वस्त पडतं. आणि म्हणूनच आपलंही एका वेळी फार जात नाही. वाट आई.

दिवाकर : वाढवलं. दोन.

उत्तरा : आले.

संपदा : मीही. उघड मधली तीन. राणी, सत्ती, तिर्री. बोला बाबा.

दिवाकर : समोर दोघी. त्यातली एक हट्टी. शहाण्यासारखं चेक.

उत्तरा : हट्टी बाईपण चेक.

संपदा : चेक. चौथं काढ. नव्वी.

दिवाकर : आता लावतो. दोन.

उत्तरा : आले.

संपदा : आले. शेवटचं? अठ्ठी.

दिवाकर : दोन.

उत्तरा : आले बाई.

संपदा : चार.

दिवाकर : चार? घे, चार. तीन राण्या आहेत माझ्याकडे!

उत्तरा : एवढं असेल तर टाकली. माझी नुसती सत्तीची जोडी.

संपदा : अठ्ठी, नव्वी, दश्शी, गुलाम, राणी. ओळ लागली माझी. ओळ तीन राण्यांच्या वर.

दिवाकर : तीन राण्या घेऊन हरलो मी?

संपदा : हातात राण्यांची जोडी, मधे तिसरी, आणि तुम्ही चेक म्हणता? माझ्याकडे तेव्हा नुसते गुलाम-दश्शी होते. एक सुपारी लावली असतीत तर मी पानं टाकून चहा ठेवायला उठले असते. चौथं पान तुम्ही मला फुकट दिलंत.

दिवाकर : तूच म्हणालीस, माणसं जास्त असली की गप्प बसा!

संपदा : हातात काही नसेल तेव्हा! हातात असेल तेव्हा लावायचं, माणसं जास्त असली तर आणखीच. आपण गप्प राहिलो, की समोरच्यांना पुढचं पान फुकट मिळतं आणि त्यांचं जमत जातं.

उत्तरा : हे मात्र खरं बोललीस. अहो, आता पत्ते ठेवा खाली.

दिवाकर : तुझं काय मधेच?

उत्तरा : मधेच नाही, दोन महिने पोटात ठेवलंय. आषाढात मोठे भाऊजी, त्यांचा मयुरेश, सगळे या खोलीत बसले होते. तुम्ही सगळ्यांदेखत म्हणालात, माझे यजमान यापुढे संपदा सांभाळेल, घाटावर ती बसेल. मला इतका अभिमान वाटला होता तुमचा! आणि त्यानंतर तुम्ही अवाक्षर काढलं नाहीत.

दिवाकर : वातावरण निवळू द्यावं म्हटलं.

उत्तरा : निवळायला ठेवलंत आणि विरजण लागलं. भाऊजी सगळीकडे सांगत फिरताहेत, दिवाकर तेव्हा भावनेच्या भरात बोलला.

संपदा : परवा मयुरेशदादा आला आणि कळवणच्या यजमानांची वंशावळीची वही माझ्यासमोरून काखेत मारून घेऊन गेला. तुम्ही त्याला म्हणालात, चहा घेऊन जा. मला फार वाईट वाटलं, बाबा. सहा वर्षं तुमच्यापुढे बसून शिकले मी.

दिवाकर : उद्या सखुबाईंचं वर्षश्राद्ध. त्यांचा मुलगा गोटीराम सगळं घरदार घेऊन कळवणहून येणार. मला खाली बसता येत नाही. तुला बसवलं आणि बाई श्राद्ध सांगते म्हणून ती माणसं उठून गेली, तर चारचौघांत तुझा अपमान होईल. तो मला बघवणार नाही.

संपदा : गेले तर एक यजमान जाईल. मी रडेन, घरी येईन. पण नाही बसवलंत, तर पुण्याच्या ज्या कंपनीने नोकरी देऊ केलीय, तिला सोमवारी 'येते' म्हणून कळवणार आहे मी. हे चिडून सांगत नाहीये. इथे राहून नुसतं बघत बसणं मला जमणार नाही.

दिवाकर : जाशील?

संपदा : जाईन.

दिवाकर : दादाला जन्मात कधी उलट बोललो नाही मी. आषाढातलं ते पहिलं. त्यानंतर त्याच्या घरावरून जातानासुद्धा रस्ता बदलतो.

उत्तरा : कळतंय मला. पण मुलगी जातेय.

दिवाकर : श्राद्धाचा प्रयोग, विधी-मंत्रांसकट, सगळा पाठ आहे ना?

संपदा : विचारा कुठलंही.

दिवाकर : विचारायचं काय? मीच शिकवलंय. मयुरेशपेक्षा तुझं मंत्र म्हणणं स्वच्छ आहे. हे मला वर्षभरापासून माहीत आहे आणि मी कुणाला सांगितलं नाही. फोन दे इकडे.

(मयुरेशला फोन लागतो.)

दिवाकर : मयुरेश, कळवणची वही संध्याकाळी घरी आणून दे. नाही, तू नको येऊस उद्या. संपदा बसणार आहे. हो, घाटावरच. मी शेजारी खुर्ची टाकून बसेन. उठून गेले तर जातील रे, मी बघेन काय ते. काय म्हणालास? बाबांना विचारतोस? विचारू नकोस. त्यांना फोन दे.

संपदा : बाबा, काकांशी उद्या बोलला असतात तरी चाललं असतं.

दिवाकर : गप्प बस जरा. हॅलो. दादा, मी दिवाकर. तू रागावणार आहेस, माहीत आहे मला. तरी ऐक.