वीज गेलेले सहा दिवस

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील पाहुणे, आज निवृत्त होणारे आमचे सर, वहिनी आणि सभागृहातील मित्रहो,

सरांबद्दल चांगलं बोलायला मला उभं केलं आहे. खेड्यातल्या शाळेतून आलेल्या मला सरांनी कधी हिणवलं नाही. उलट कौतुकानं 'मास्तर' म्हटलं. हे चांगलं बोलून झालं.

सरांचा प्रयोग आपण सगळेच शिकवतो. कुणी आपल्यावर केलेले उपकार लिहून काढले, की माणूस लगेच परक्याच्या मदतीला धावतो. निम्म्यांनी उपकार लिहायचे, निम्म्यांनी नुसता घरचा रस्ता. मग व्हरांड्यात त्यांच्यासमोर कागद सांडायचे. सांडणारा मीच. "मास्तर, जरा गबाळ्यासारखं सांड, ठरवून सांडल्यासारखं नको!"

पंचवीस वर्षांनी, सरांचा गौरव म्हणून, मी तोच प्रयोग चारशे माणसांवर पुन्हा केला. कागद उचलायला दोन्हीकडचे सारखेच वाकले. सर म्हणाले, "तुझा हात बसला नाही." मानलं. माणसं वेगळी, काळ वेगळा. एवढ्यानं जुना प्रयोग खोटा ठरतो का? नाही ठरत.

माझीच चूक शोधायला जुनी वही काढली. एका आठवड्याच्या सहा दिवसांवर काट. "वीज गेली, वगळावे." अक्षर सरांचं. त्या सहाही दिवशी घरचा रस्ता लिहिणारेच जास्त वाकले होते. प्रयोगशाळेच्या मामांना विचारलं, तर ते हसायलाच लागले. "वीज गेली? अरे, त्याच आठवड्यात पंखा लावून झोपलो म्हणून तुझ्या सरांनी मला मेमो दिला! अजून आहे माझ्याकडे."

सर, सकाळी देवापुढे हात जोडताना तुमचं नाव घेणारा माणूस मी. तीनदा तुमच्या दारातून परत फिरलो. चौथ्यांदा विचारलं, तेव्हा तुम्ही म्हणालात, "निष्कर्ष खराच आहे रे. ते दिवस खोटे होते."

मित्रहो, प्रयोग पुन्हा केला तर ती गोष्ट पुन्हा दिसली की नाही, एवढंच कळतं. आपल्या माणसानं असं का केलं, हे कळायला चारशे माणसं पुरत नाहीत. बावीस वर्षं मी वर्गात जे शिकवलं, ते आता कुणाकुणाला परत बोलावून सांगू? उद्या ती वही मी विभागाकडे देणार आहे. सरांना कालच सांगितलं. पाठीमागून काही करणं मला जमत नाही.

मघाशी पायरी चढताना हे कागद माझ्या हातून खरोखरच सांडले. सर्वांत आधी वाकले ते सर. गुडघे दुखत असताना. पण एका माणसावरून निष्कर्ष काढायचा नाही, हे तुम्हीच शिकवलंत, सर.

शांतपणे ऐकून घेतलंत, आपला ऋणी आहे. निरोपाच्या दिवशी काही अधिकउणं बोललो असेन, तर ते पदरात घ्या. वगळू मात्र नका.