शारकान एजेंची अर्धी सुई

अल्लाहचं नाव घेऊन बोलायला उभा राहतो.

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आरोग्य खात्याचे उपसंचालक माननीय कासिमबेक साहेब. बत्तीस वर्षांच्या सेवेनंतर आज आपला निरोप घेणारे या रुग्णालयाचे मुख्य डॉक्टर, आम्हा सर्वांचे थोरले बंधू, आदरणीय मेदेत आके. व्यासपीठावरचे मान्यवर पाहुणे. ड्यूटी सोडून दाराशी येऊन उभ्या राहिलेल्या नर्स भगिनी. घाट उतरून आलेले माझे गावकरी. आणि मागच्या खिडकीपाशी चहाच्या सामोवारजवळ पेले पुसत असलेल्या, आम्हा सर्वांच्या थोरल्या भगिनी शारकान एजे, तुम्हा सर्वांना माझा सलाम.

कार्यक्रमपत्रिकेत माझा क्रमांक सातवा आहे. 'सफाई विभागातील शारकान एजे यांच्याविषयी दोन शब्द : नोंदणी कारकून सागिनाली. वेळ दोन मिनिटं.' पत्रिका मीच टाइप केली आहे, म्हणजे ती दोन मिनिटंही मीच मला दिली. आज थोडी जास्त घेणार आहे. अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिलं तरी मला वाईट वाटणार नाही.

मेदेत आकेंबद्दल आधीचे सहा वक्ते जे बोलले, ते खरंच आहे. हे छप्पर त्यांनी घातलं. क्ष-किरणांचं यंत्र त्यांनी आणलं. मघाशी त्यांच्या खांद्यावर मानाचा अंगरखा, मखमली चपान, चढवला, डोक्यावर पांढरी टोपी ठेवली, दोन्ही त्यांना शोभतात. शारकान एजेही याच महिन्यात निवृत्त होताहेत. त्यांना डोक्याला बांधायचा रुमाल मिळेल आणि रुमालाबरोबर त्यांचं सेवापुस्तक. माझं बोलणं त्या पुस्तकातल्या एका ओळीबद्दल आहे. ती ओळ माझ्या अक्षरात आहे.

चौदा वर्षांपूर्वी शारकान एजे आमच्या तेरेकसायच्या दवाखान्यात नर्स होत्या. घाटापलीकडच्या त्या गावात डॉक्टर नव्हता, त्यामुळे बाळंतपणापासून दात उपटण्यापर्यंत सगळं त्याच करत. मी त्याच गावचा, तिथल्याच शाळेत शिकलेला. मास्तरांनी मला दुसरं फारसं काही दिलं नाही, पण अक्षर दिलं. त्या अक्षरावर मला इथे नोकरी लागली.

त्या वर्षी घाट बंद होण्याआधी तापाच्या साथीची लस आली. साठ डोस. गावात टोचायची माणसं ब्याऐंशी : अडतीस पुरुष, चव्वेचाळीस बायका. बाकीची लस वाटेत आहे, असं इथून कळवलं होतं. मग बर्फ पडलं आणि वाट मिटली.

शारकान एजेंनी काय केलं? पुरुषांना पूर्ण डोस दिला आणि बायकांना अर्धा. अडतीस आणि बावीस, साठ. ब्याऐंशीपैकी एकही माणूस परत पाठवला नाही.

हे त्यांनी हवेतून काढलं नव्हतं. वीस वर्षं त्या सुई टोचत होत्या आणि टोचल्यावर दुसऱ्या दिवशी घरोघर जाऊन हात बघत होत्या. बाईचा दंड सुजलेला असे, अंगात कणकण असे, दोन दिवस गाईच्या आचळाला हात लावता येत नसे. पुरुष मात्र छाती काढून सांगत, आम्हाला काही झालं नाही. आणि साथ आली की आधी अंथरूण धरत तेही तेच. एजे म्हणत, "मेंढवाड्यावर कुत्री आधी भुंकते. कुत्रा उठेपर्यंत लांडगा आत आलेला असतो. बाईचं रक्त कुत्रीसारखं सावध आहे. तिला अर्धी हाक पुरते."

पण दुसरी बाजूही त्यांनी पाहिली होती. फार सावध कुत्री कधी घरच्याच माणसाला चावते. ज्यात अंग आपल्याच सांध्यांवर उलटतं, तो सांधेदुखीचा आजार बायकांनाच जास्त होतो, हे त्यांना पुस्तकाआधी गावातल्या बायकांच्या बोटांवरून कळलं होतं. पुढे तो त्यांनाही झाला. ते हात तुम्ही रोज बघता. गेली चौदा वर्षं याच हातांनी इथली फरशी पुसली जाते आहे.

तर त्या हिवाळ्यात मी एका संध्याकाळी फोन केला, तेव्हा आई, उल्कान तिचं नाव, हसत हसत सांगू लागली. गावातल्या बायकांनी एजेंना रांगेतच चिडवलं होतं आणि पुढाकार अर्थातच आईचा. ती म्हणाली होती, "का ग शारकान, वारशाच्या वाटणीत अर्ध्या, साक्षीत अर्ध्या, आता सुईतपण अर्ध्याच का आम्ही?" आणि एजेंनी तिच्या दंडावर कापूस दाबत उत्तर दिलं होतं, "म्हातारे, तुझी जीभ अर्धी करायची सुई आली की पहिली तुलाच टोचीन."

सगळ्या हसल्या. मी हसलो नाही. मला वाटलं, माझी आई अर्धं माणूस आहे का? मी नमाज पढणारा माणूस. अन्याय दिसला तर गप्प बसू नये, असं मला लहानपणापासून शिकवलेलं. त्याच रात्री मी माझ्या सुंदर अक्षरात दोन पानी अर्ज लिहिला. 'स्त्रियांना निम्मी लस देऊन त्यांच्या जिवाची व सन्मानाची हेळसांड.' लिहून झाल्यावर मला फार बरं वाटलं. मंडळी, मी खोटं सांगत नाही, पुण्य केल्यासारखं बरं वाटलं.

वसंतात घाट उघडला आणि चौकशी समिती वर गेली. एजेंनी काही लपवलं असतं का? कुप्या फुटल्या म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण त्यांच्या वहीत नावासमोर स्पष्ट लिहिलेलं होतं : पूर्ण, पूर्ण, अर्धा, पूर्ण, अर्धा. समितीला ते पटेना. अर्धा डोस कुणी देतं का? साठ डोसांत ब्याऐंशी माणसं बसतातच कशी? म्हणजे नावं खोटी, आणि नावं खोटी तर लस विकली. माझ्या आईचा दंड बघायला कुणी गेलं नाही. चव्वेचाळीस बायकांपैकी एकीलाही विचारलं नाही.

आदेश निघाला. 'लशीची अफरातफर. नर्सच्या पदावरून काढून सफाई विभागात.' मेदेत आकेंनी सही केली, कारण समितीचा अहवाल त्यांच्यासमोर होता. आणि तो आदेश सेवापुस्तकात उतरवायला माझ्याकडे आला.

मला माहीत होतं की अफरातफर झालेली नाही. त्या खोलीत ते माहीत असलेला मी एकटा होतो. माझा अर्ज अर्ध्या सुईबद्दल होता, चोरीबद्दल नव्हता. उठून एवढंच म्हणायचं होतं, की साहेब, माझ्या आईला सुई टोचलेली आहे. मी दौतीत टाक बुडवला आणि 'अफरातफर' हा शब्द लिहिला. अक्षर छान आलं.

त्याच महिन्यात गावागावांचे आजाराचे तक्तेही माझ्याच हातून झाले. शेजारच्या खोऱ्यातही साठच डोस गेले होते. तिथे ज्याला त्याला पूर्ण दिला आणि साठाव्या माणसावर लस संपली. ज्यांना मिळाली नाही, त्यातले तिघं त्या हिवाळ्यात गेले. तेरेकसायमध्ये टोचलेल्यांपैकी एकही गेलं नाही. आता, एका गावाच्या एका हिवाळ्यावरून काही सिद्ध होत नाही, हे मला जाणत्यांनी सांगितलं आहे आणि मी ते मानतो. पण तो तक्ता कुणाला तरी दाखवावा एवढंही माझ्याच्याने झालं नाही. छापील फॉर्मात 'अर्धा' असा रकानाच नव्हता, असं मी स्वतःला सांगितलं.

गावी गेलो तेव्हा आईला सगळं कळलेलं होतं. तिने चहा ओतला, पण पेला माझ्या हातात दिला नाही, खाली ठेवला. आमच्यात पेला हातात न देणं म्हणजे माणसाला परकं करणं, हे इथल्या सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणाली, "सागिन, मी थट्टा केली होती रे. तू त्या थट्टेचा अर्ज केलास." त्यानंतर ती सहा वर्षं जगली. पेला खालीच ठेवत राहिली.

गेल्या वर्षी आपल्याकडे प्रशिक्षणाला एक तरुण डॉक्टर होता. चहा पिता पिता तो सहज सांगू लागला, की परदेशात शेकडो माणसांवर हे करून पाहिलेलं आहे. या तापाच्या लशीचा अर्धा डोस घेतलेल्या बायकांच्या रक्तात जवळपास तेवढीच ताकद तयार झाली, जेवढी पूर्ण डोस घेतलेल्या पुरुषांच्या. काही संप्रेरकांमुळे, काही जन्मतः बीजातच असलेल्या फरकामुळे, असं म्हणतात. अजून सगळं उलगडलेलं नाही. मी विचारलं, हे कधीचं? तो म्हणाला, "जुनंच आहे, काका." जुनंच. शारकान एजे तेव्हा आमच्या पायाखालची फरशी पुसत होत्या. त्या नुसतं म्हणाल्या, "पाय वर घ्या दोघं."

मागच्या महिन्यात मी मेदेत आकेंकडे गेलो. ते म्हणाले, "सागिनाली, नियम तेव्हाही सगळ्यांना एकच डोस होता, आजही एकच आहे. तिचा अंदाज बरोबर निघाला. उद्या दुसरी कुणी असाच अंदाज करील आणि माणसं मारील." आके, यातला एकही शब्द मी खोडत नाही. नर्सने मनाने डोस कापू नये. त्यासाठी ठपका लिहा, आणखी दोन ओळी लिहा, एजे हरकत घेणार नाहीत. पण चोरी? तुम्ही म्हणालात, "जुनं प्रकरण आहे, तिला काय फरक पडतो आता?"

मी एजेंना विचारलं, काय फरक पडतो. त्या बादली पिळत होत्या. म्हणाल्या, "माझ्या नातीला नर्स व्हायचंय. ते पुस्तक ती वाचणार."

आता थोड्या वेळाने शेजारच्या खोलीत पानं मांडली जातील. आज दोन मेंढ्या कापल्या आहेत. मांडीचं हाड कुणाला, शेपटीकडची चरबी कुठल्या थोरल्या बाईला, कान कुठल्या पोराला, हे वाढणाऱ्याला सांगावं लागत नाही. सगळ्यांना एकसारखं हाड वाढलं, तर इथला अर्धा मांडव रागावून उठेल. वाटप म्हणजे सारखेपणा नव्हे, ज्याला जे पुरतं आणि शोभतं ते, हे आपल्याला दुधाबरोबर पाजलेलं आहे. त्या हिवाळ्यात एका बाईने अपुऱ्या लशीचं वाटप चांगल्या यजमानिणीसारखं केलं, कुणाला उपाशी उठू दिलं नाही. आणि हाडांच्या वाटपात इतके जाणते असलेले आपण तिला चोर म्हणालो.

हो एजे, संपवतो. चहा निवतोय, कळलं मला.

आके, तुमची सही आज संध्याकाळी सहापर्यंत चालते. उद्यापासून नवे साहेब येतील, त्यांना यातलं काही ठाऊक नाही आणि ठाऊक करून घ्यायचं कारणही नाही. 'अमुक तारखेची नोंद, अफरातफर, रद्द समजावी' एवढ्या एका ओळीचा आदेश मी टाइप करून ठेवला आहे. तुमच्यासमोरच्या फुलांच्या परडीखाली तो आहे. मघापासून तुमच्या कोपराखाली जो कागद खुपतोय, तोच. त्याखाली माझीही सही आहे, अर्ज करणारा म्हणून आणि नोंद लिहिणारा म्हणून. चौकशी करायची झालीच, तर या वेळी माझी करावी.

रीतीप्रमाणे शेवटी आभार मानायचे आणि चुकलं-माकलं पदरात घ्या म्हणायचं. अध्यक्षांचे, पाहुण्यांचे आणि तुम्हा सर्वांचे मनापासून आभार. दोन मिनिटांची मी पंधरा केली, त्याबद्दल क्षमा असावी. बोलण्यात कुणाचा मान राहिला नसेल तर त्याचीही क्षमा असावी.

शारकान एजेंची क्षमा मी मागत नाही. ती त्यांनी केव्हाच करून टाकली आहे, बादली पिळता पिळता, मी न मागताच. तिचा मला काही उपयोग झालेला नाही. मला ती ओळ खोडायची आहे.

मेदेत आके, पेन परडीच्या डाव्या बाजूला आहे. मी सेवापुस्तक घेऊन इथेच उभा आहे.