अकरा नंबरची खाट

— न्हाय ओ ताई, तुमच्या या तक्त्यात आमचा वार्ड बसायचा न्हाय. दिवसभर कोण काय करतं ते लिवून घेताय, म्हंजे मोठे साहेब पेशंटच्या सोयीनं सगळं लावतील — असंच ना? लावा बापडे! एकाहत्तर सालापासून आया हाय मी, सतरा वर्सं झाली, कागदावर वार्ड चाललेला अजून बघितला न्हाय.

आता खाटांचंच घ्या — खाटा वीस, माणसं तीस, उरलेले लादीवर. त्यात हे सगळे लूमवाले, कापडाच्या मागावर राबणारे. तिकडं निजामपुऱ्याच्या वस्तीत एका खोलीत बारा-बारा जण, दिवसपाळीचा उठला की रातपाळीचा त्याच अंथरुणावर पडतो. मग इथं बी तसंच! अकरा नंबरच्या खाटेवर सत्तार, खाली दौलत, कमरेनं बेजार — "बारा घंटे तू, बारा घंटे मैं." खाटेला कागद मात्र सत्तारचाच. जुन्या शिस्टरला ठावं होतं, ती नाव विचारून सुई टोचायची. कुणी ठरवलं? त्यांनीच... म्हंजे, मीच सुचवलं. दौलत कण्हायचा ओ, माझाच जीव तुटायचा!

मग जुनी शिस्टर रजेवर गेली, ही तुळजा शिस्टर आली. नवीन पोर, कागद बघून काम करणारी. अकरा नंबर — पेनिसिलीन. दिलं. खाटेवर दौलत, त्याच दिवशी चढलेल्या तापाच्या ग्लानीत. त्याला ते सोसत न्हवतं, त्याच्या कागदावर लाल शाईनं लिवलेलं — पण तो कागद खाली, लादीवरच्या चटईत. अर्ध्या तासात गेला ओ. मी तिथंच होते, बेसिनपाशी, सुई देताना बघत होते, आणि मला वाटलं, शिस्टरला ठावं असंल.

आता तुळजा घरी बसलीय, उद्या चौकशीचा निकाल. साहेबांनी मला विचारलं, खाटेवर दुसरा माणूस कसा? मी म्हटलं, मला काय ठावं, पेशंट ऐकतात होय कुणाचं! सत्तार त्याच दिवशी पळाला, जुनी शिस्टर अजून रजेवरच. म्हंजे सांगणारी मी एकटीच उरले. आणि सांगून दौलत उठून बसणार हाय का? न्हाय. माझी नोकरी जाईल तेवढी. काल ती पोर गेटवर माझ्या पाया पडली — मावशी, ठाऊक असंल तर सांगा. मी पाय मागं घेतला.

तुम्ही... हे बी लिवलंत? माझ्या नावानिशी? खोडा ते. खोडा म्हणते ना! मी तुम्हाला काय बी बोलले न्हाय. उठा आता, माझी ड्युटी हाय.