रविनाचं बोट आणि मधली चित्रं

अहो, कॉम्प्युटर काय दाखवतो ते राहू द्या, आधी मधलं चित्र आलं कुठून ते सांगा!... हे मी नाही म्हणत, सापगावचा चांगो म्हणत होता, वाशिंदला कॉम्प्युटरवाल्या किशोरच्या घरात, खुर्चीच्या टोकावर बसून! दोन हजार नऊ सालची गोष्ट. चांगो मुलींच्या कबड्डीचा पंच, आणि संशयी असा की नाणेफेकीचं नाणंसुद्धा दोनदा उलटून बघणार. फायनल सापगाव विरुद्ध मुरबाड. मुरबाडची रविना शेवटच्या चढाईवरून परत येताना चौघींनी धरली, तिनं मधल्या रेषेकडे हात लांबवला, आणि चांगोनं शिट्टी फुंकली... बाद! मुरबाड एका गुणानं हरलं. जिंकणारी टीम जिल्ह्याला जाणार होती हो! रविना रडते कसली, भांडायलाच आली. "काका, माझं बोट रेषेला लागलेलं. तुमी गावाकडून निकाल दिला!"

चांगोला हे झोंबलं. शूटिंग होतं, पण सीडी झटके खात चालायची. एका चित्रात बोट रेषेच्या वीतभर अलीकडे, पुढच्या चित्रात रविना मागे ओढलेली. मधलं गायब! म्हणून दोघं किशोरकडे आली.

किशोर म्हणतो, "चांगोभाऊ, हे सॉफ्टवेअर दोन चित्रांच्या मधली चित्रं स्वतः बनवतं. व्हिडिओ कसा पाण्यासारखा चालतो!"

"बनवतं? त्या दिवशी ते मैदानात होतं काय रे?"

किशोरनं पहिली सेटिंग लावली. बोट टेकलं! रविना उडालीच. चांगो म्हणाला, "थांब गो! किशोर, तुझी सासुरवाडी मुरबाडची ना? मधलं चित्र आलं कुठून?" दुसरी सेटिंग लावली, तर बोट चार अंगुळं अलीकडेच थांबलं. आता रविना तिरकी बघायला लागली, "काका, किशोरदादाला चहा कोणी पाजला?" तिसरी लावली... अहो, बोटं झाली सहा, आणि रेषाच वाकून बोटाला भेटायला आली! एकच सीडी, तीन सेटिंगा, तीन निकाल! "बघ," चांगो ओरडला, "न बघितलेलं ठोकून देतंय हे यंत्र!"

रविना शांतपणे म्हणाली, "यंत्र राहू दे, काका. तुमी काय बघितलं?"

चांगो पंख्याकडे बघायला लागला. मग भिंतीकडे. मग चपलांकडे.

"मला... शिंक आली होती गो."

"म्हंजे?"

"डोळे उघडले तर तू खाली. मला वाटलं, नसंल लागलं."

किशोरनं कॉम्प्युटर बंद केला. पण माणूस खरा हो! दुसऱ्या दिवशी चांगोनं आयोजकांपुढे, सगळ्या सापगावादेखत, हे कबूल केलं आणि सामना परत खेळवला. सापगाव नऊ गुणांनी हरलं. महिनाभर गावात त्याच्याशी कोणी धड बोललं नाय.

हल्ली तालुक्यात सामना असला की पंच म्हणून चांगोलाच बोलावतात. मान देतात, नारळ देतात... आणि शिट्टी हातात देण्याआधी सगळ्यांसमोर नाक शिंकरून घ्यायला लावतात!