मंडळाच्या कॉम्प्युटरला पडलेल्या कुलपाबाबत दत्तोबा बिरादार यांचा जबाब

दिनांक १३ ऑक्टोबर १९९७

नाव दत्तोबा गुंडेराव बिरादार. वय अंदाजे सहासष्ट; जन्माचा दाखला नाही, निजामाचे राज्य गेले त्या पोलिस ॲक्शनच्या साली मिसरूड फुटले होते त्यावरून धरावे. शिक्षण चौथी, उर्दूतून. मराठी पोथ्या वाचून शिकलो. धंदा पूर्वी मलकपेठच्या गंजात, म्हणजे बाजारात, धान्याचा तोलार, आता गौलीगुडा येथील मराठी वधू-वर सूचक मंडळाचा व्यवस्थापक. राहणार गौलीगुडा, बस स्टँडच्या मागची गल्ली.

मी स्वतः ठाण्यात हजर होऊन सांगतो की, यायला फार उशीर झाला याची आधी माफी मागतो. दसऱ्याच्या आधीपासून रोज निघत होतो आणि फाटकापाशी येऊन माघारी फिरत होतो. आमच्या घराण्यात कुणी ठाण्याची पायरी चढलेले नाही. आज हेड कॉन्स्टेबल शिवराज मेत्रे बाहेर चहा पीत उभे होते. ते म्हणाले, "काका, रोज येऊन कायकू बघून जाताय? आत या." ते मूळचे बीदरकडचे असल्याने जबाब मराठीत लिहून घेत आहेत, पुढे त्याचे तेलुगू करून जोडतील असे सांगतात.

आमच्या मंडळाचे अध्यक्ष शशिकांतराव मुळे यांनी हर्षद गोखले या मुलाविरुद्ध या ठाण्यात लेखी अर्ज दिला आहे. मंडळाच्या कॉम्प्युटरला हर्षदने कुलूप घातले व नंतर स्वतःच उघडून मोठेपणा मिळवला, असा त्यात संशय आहे. हर्षदच्या पासपोर्टच्या चौकशीचा कागदही याच ठाण्यात आलेला असून तो या अर्जामुळे अडकला आहे. त्याला अमेरिकेत कॉम्प्युटरमधल्या दोन हजार सालच्या तारखा दुरुस्त करण्याचे काम मिळाले आहे. दिवाळीपर्यंत पासपोर्ट दाखवला नाही तर ते काम दुसऱ्याला देतील. म्हणून मला माहीत आहे ते सांगतो.

हर्षद मूळचा पुण्याचा. आबिड्सला कॉम्प्युटरच्या क्लासमध्ये शिकवतो. माझ्या घरी माडीवरच्या खोलीत तीन वर्षे राहतो. माझे त्याचे नाते काय, असे विचारल्यावरून सांगतो की, भाडेकरू. जेवण खाली माझ्याबरोबर करतो. माझ्या डोळ्यांत औषधाचे थेंब तोच घालतो, कारण मी घातले तर गालावर जातात.

मंडळात पूर्वी पत्रिका लोखंडी ट्रंकेत असत. गेल्या वर्षी वर्गणी काढून कॉम्प्युटर घेतला व सगळ्या पत्रिका हर्षदने विनामोबदला त्यात भरल्या. तेव्हापासून दोनशेहून अधिक घरांच्या मुलामुलींची माहिती त्या पेटीत आहे. जुने कागद रद्दीत गेले, ट्रंक भंगारात. हे मला तेव्हाही पटले नव्हते, पण मला कोणी विचारले नाही.

श्रावणात टपालाने एक फ्लॉपी आली. पाठवणाऱ्याचे नाव नव्हते. वर छापले होते की, यात छत्तीस गुण जुळवण्याचा प्रोग्राम आहे, विवाह मंडळांना भेट. फुकट आहे म्हटल्यावर शशिकांतराव फार खूश झाले. हर्षद त्या आठवड्यात पुण्याला गेला होता. मी म्हणालो, "पोरगा येऊ द्या, मग बघू." शशिकांतराव म्हणाले, "बिरादार, धान्य जोखणाऱ्याने यात बोलू नये," आणि फ्लॉपी स्वतःच्या हाताने घातली. गुण जुळू लागले. शशिकांतरावांनी पेढे वाटले. त्यातला एक मीही खाल्ला.

पुढे पितृपक्ष लागण्याच्या आधी भामाबाई पवार आपल्या राणीसाठी स्थळ बघायला आल्या. राणी कॉलेजात शिकते. मी कॉम्प्युटरला हळद-कुंकू वाहिले, भामाबाईंनी नारळ फोडला, मी बटण दाबले. तेवढ्यात बाहेर कुणी शिंकले. भामाबाई म्हणाल्या, "दत्तोबा भाऊ, बंद करा, पुन्हा लावा." पुन्हा लावला, तर पाल चुकचुकली. "नक्को बाबा, आणिक एकदा." तिसऱ्यांदा लावला तेव्हा पडदा लाल झाला आणि इंग्रजी अक्षरे आली. राणीने वाचून सांगितले की, तुमच्या सर्व फायलींना कुलूप लागले आहे. अमुक टपाल पेटीच्या नंबरावर ड्राफ्ट पाठवा, मग किल्ली पाठवू. भामाबाई तिथेच खाली बसल्या. "माझ्या पोरीच्या नशिबालाच कुलूप पडलं की हो!" राणी म्हणाली, "आई, कुलूप पेटीला आहे, मला नाही. ऊठ."

शशिकांतराव आले आणि घाबरून ड्राफ्ट काढायला निघाले. हर्षदला मी क्लासमधून बोलावून आणले. तो म्हणाला, "शशिकांतकाका, पैसे अजिबात पाठवू नका. किल्ली येईलच कशावरून? आणि आली तरी तुम्ही देणारे आहात हे त्यांना कळलं, की पुढच्या महिन्यात पुन्हा कुलूप." शशिकांतराव म्हणाले, "तुला त्यांचं इतकं कसं रे ठाऊक?" हे वाक्य ते पुढे अनेकांना सांगत राहिले, म्हणून लिहून घ्यावे.

हर्षदने काय केले ते मी शेजारी स्टुलावर बसून पाहिले. कॉम्प्युटर त्याच्या स्वतःच्या मनाने चालू होऊ दिला नाही. क्लासमधून आणलेली स्वच्छ फ्लॉपी घालून तिच्या जोरावर चालू केला. त्या फ्लॉपीच्या कोपऱ्यात लहानशी खिडकी असते. ती उघडी ठेवली की तिच्यावर कुणाला काही लिहिता येत नाही आणि बंद केली की येते. मी म्हणालो, "हे उलटं आहे. चोराला दार उघडं टाकून कुणी झोपतं का?" तो म्हणाला, "काका, तुम्ही गप्प बसून वारा घाला, मला घाम येतोय." मी वारा घातला. थोड्या वेळाने तो हसला. म्हणाला, "आतला मजकूर शाबूत आहे. मेल्याने फक्त दारावरच्या नावाच्या पाट्या उलटसुलट करून लपवल्यात."

कुठली पाटी कुठल्या दाराची हे त्याने एकेक करून लावले. सगळ्या पत्रिका कोऱ्या फ्लॉप्यांवर उतरवून घेतल्या. मग पेटी आतून पार पुसून काढली, सगळे प्रोग्राम त्यांच्या मूळ फ्लॉप्यांवरून नव्याने भरले आणि पत्रिका परत ठेवल्या. एकही पत्रिका हरवली नाही. राणीची मी आधी बघितली. तिचे पुढे जालन्याला जमले, मुलगा बँकेत आहे.

यानंतर शशिकांतरावांनी संशय काढला. त्यांचे म्हणणे असे की, हीच फ्लॉपी सिकंदराबादच्या आणि सोलापूरच्या मंडळांनाही आली, तिथे काही झाले नाही. कुलूप आपल्यालाच का? आणि या मुलाला ते उघडता कसे आले? मी म्हणालो, "वैद्याने ताप उतरवला म्हणजे ताप त्यानेच आणला का?" ते म्हणाले, "तुमच्या घरात राहतो म्हणून तुम्ही बोलणार." दुसऱ्या दिवशी त्यांनी अर्ज दिला.

कुलूप आम्हालाच का पडले ते हर्षदने शोधून काढले. त्या फ्लॉपीतला प्रोग्राम पेटीत लपून बसतो आणि पेटी किती वेळा चालू झाली ते मोजत राहतो. ठरलेला आकडा भरला की कुलूप. त्याने मला विचारले, "काका, कॉम्प्युटर दिवसातून किती वेळा चालू करता?" मी म्हणालो, "जेवढी घरं येतील तेवढ्या वेळा." त्याने डोक्याला हात लावला.

याबाबत खुलासा करतो की, हा मंडळाचा स्थापनेपासूनचा रिवाज आहे. ट्रंक होती तेव्हाही प्रत्येक घरासाठी ती बंद करून, पंचांग बघून, नव्याने उघडत असू. एकाने ओवाळलेले ताट आपण दुसऱ्याच्या पुढे तसेच धरतो का? प्रत्येक मुलीचा शोध तिच्या स्वतःच्या शुभारंभाने व्हावा. शिंक आली, मांजर आडवे गेले, दिवा विझला तर परत. सिकंदराबादवाले सकाळी लावतात आणि संध्याकाळी बंद करतात. त्यांचे कुलूप अजून वाटेत होते, आमचे धावत आले, एवढाच फरक. आपल्याकडे ते लवकर पडले म्हणून हर्षदने एस.टी.डी. बूथवरून दोन्हीकडे फोन केले आणि त्यांच्या पेट्या वेळीच साफ झाल्या. ज्याने कुलूप घातले तो असे फोन करील काय, याचा विचार व्हावा.

शशिकांतरावांची खात्री पटावी म्हणून हर्षदने आबिड्सच्या क्लासमध्ये प्रयोग केला. तेथील एका मोडकळीला आलेल्या कॉम्प्युटरवर तीच फ्लॉपी घातली आणि तो चालू-बंद करत राहिला. शशिकांतराव, मंडळाच्या चिटणीस व निवृत्त शिक्षिका सुशीलाबाई आणि मी असे तिघे समोर बसलो. बराच वेळ काही झाले नाही. सुशीलाबाईंनी डब्यातला चिवडा फिरवला. हर्षदची बोटे दुखू लागली तेव्हा त्या म्हणाल्या, "तू बाजूला सर. पस्तीस वर्षं पोरांचे कान पिळलेत, माझं मनगट शाबूत आहे." मग त्या चालू-बंद करू लागल्या. शशिकांतरावांचा डोळा लागला. असे चालले असता एकदम पडदा लाल झाला. तीच अक्षरे, तोच टपाल पेटीचा नंबर. सुशीलाबाईंनी ओरडून सांगितले, "उठा शशिकांतराव, तुमचा चोर आला!"

ते डोळे चोळून पाहत राहिले. मग म्हणाले, "मी कधी म्हटलं पोरगा चोर आहे? अर्जात 'संशय' लिहिलाय."

"मग आता संशय परत घ्या," सुशीलाबाई म्हणाल्या.

"असा कसा घेणार? अर्ज मंडळाच्या शिक्क्यानिशी गेला. परत घ्यायचा तर ठराव लागतो. ठरावाला बैठक लागते."

"मग बोलवा बैठक."

"दिवाळीनंतर. आता सगळे गावी जाणार."

घरी येताना हर्षदने मला रस्ता ओलांडताना हात दिला, तेवढेच.

शशिकांतरावांविषयी माझी तक्रार नाही. माणूस वाईट नाही. कॉम्प्युटरची वर्गणी त्यांनीच दारोदार फिरून जमवली. फक्त शिक्का हातात आला की तो त्यांना परत ठेवता येत नाही.

पुन्हा असे होऊ नये म्हणून मंडळाने काय केले, असे विचारल्यावरून सांगतो. अनोळखी फ्लॉपी पेटीत घालायची नाही, मग ती फुकट असो की देवाच्या नावाची. ओळखीची असली तरी आधी क्लासमधल्या वेगळ्या कॉम्प्युटरवर तपासून घ्यायची. पत्रिकांची नक्कल दर शनिवारी घ्यायची. तिची खिडकी उघडी ठेवायची हे मला अजून उलटे वाटते, पण ठेवतो. एक नक्कल मंडळात आणि एक सुशीलाबाईंच्या घरी, कारण दोन्ही एका छताखाली राहिल्या तर एकाच आगीत जातील. पेटीत काही वेगळे दिसले तर कुणी शहाणपणा न करता बटण बंद करायचे आणि जाणत्याला बोलवायचे. पैसे कुणाला पाठवायचे नाहीत. कुंकू पडद्याला न लावता बाजूच्या भिंतीला लावतो. पेटी सकाळी एकदाच लावतो आणि प्रत्येक घरासाठी निरांजन नवे लावतो. भामाबाईंना हे चालले, म्हणजे सगळ्यांना चालेल.

जाता जाता सांगतो की, या ठाण्यातही नवा कॉम्प्युटर आलेला दिसतो. मघाशी एक शिपाई त्यात पत्त्यांच्या खेळाची फ्लॉपी घालत होते. कुणाची आहे विचारले तर म्हणाले, साडूची. मी त्यांना थांबवले. ते रागावले. त्यांनी राग मानू नये, पण घालूही नये. यात माझ्या मुलाचा, म्हणजे हर्षदचा, कागद असेल.

हर्षदची वागणूक कशी, असे विचारले. चांगली आहे. रात्री जिन्याचा दिवा विसरतो. दुसरे काही नाही. त्याने देश सोडून जाण्यास माझी हरकत आहे काय, असे विचारले. हरकत नाही. तो गेल्यावर खोलीचे काय करणार, असेही विचारले. या प्रश्नाचा अर्जाशी संबंध नसल्याने उत्तर लिहिलेले नाही.

हे सगळे शिवराज मेत्रे यांनी मोठ्याने वाचले. उजव्या कानाने मला कमी ऐकू येते, म्हणून डाव्या बाजूला येऊन परत एकदा वाचले. माझ्या बोलण्यात आणि या लिहिण्यात फरक नाही. कुणी दाबून किंवा फूस देऊन वदवून घेतलेले नाही. सही उर्दूत केली आहे, मराठी वाचता येते पण लिहिता येत नाही.

पासपोर्टचा कागद पुढे गेला की कृपा करून लवकर निरोप धाडावा. घरी फोन नाही. गल्लीच्या तोंडावरच्या पानवाल्याला सांगितले तरी पोचते. मी दिवसभर घरीच असतो. निरोप चांगला असेल तर थेट हर्षदला द्यावा. तसा नसेल, तर आधी मला.