'पेंगणाऱ्या बैला'समोरचा रस्ता

आता तुम्हीच सांगा, 'रस्ता ओलांडायची सोय करा' या वाक्यात 'पब पाडा' हे शब्द कुठे येतात? मी उलटंसुलटं करून पाहिलं. नाही येत. तुम्हाला सांगतो, आमचा 'पेंगणारा बैल' म्हणजे काल-परवाचा पब नव्हे, लंडनच्या घोडागाड्या थांबायच्या तेव्हापासूनचा, तुळया इतक्या खाली की उंच माणसंही आत शिरताना आपोआप नम्र व्हायची, आणि कुठल्याशा राजाचा सरदार लढाई हरून म्हणे इथेच लपला होता... आमचा सिरिल म्हणतो, लपला कसला, बिअर चढली होती, उठवेना.

एकच खोड होती. पुरुषांची मुतारी रस्त्याच्या पलीकडे, चर्चच्या भिंतीला लागून. पूर्वीच्या लोकांनी ती तिकडे का बांधली देव जाणे, पण तेव्हा रस्त्यावरून येऊन येऊन काय येणार, तर मेंढ्या. आता त्याच वळणावरून सलगमांनी भरलेले ट्रक सुसाट यायचे, आणि ज्याला घाई लागलीय त्याला डावीकडे बघ, उजवीकडे बघ, हे सुचतं का? सिरिलची टोपी गेली एका ट्रकखाली. थोडक्यात डोकं वाचलं. म्हणून आम्ही अर्ज केला. मागितलं काय? फक्त रस्ता ओलांडायची सोय.

काउंटीच्या, म्हणजे आमच्या जिल्ह्याच्या, ऑफिसातून लव्हलॉक नावाचा इंजिनिअर आला. सिरिल माझ्या कानाशी लागला, "विल्फ, नुसतं सांगून नाही पटायचं. त्याला स्वतःला जाऊ दे." झालं. पबच्या मालकीणबाई, हेस्टरबाई, त्यांनी खारट हॅम पुढे केलं, म्हणजे तहान लागलीच पाहिजे, मग ग्लासावर ग्लास, आणि शेवटी साहेब चुळबुळत उठले, "जरा... ते कुठे आहे हो?" आम्ही सगळ्यांनी एकदम दाराकडे बोट दाखवलं आणि खिडकीला नाकं लावली. साहेब निघाले, ट्रक आला, हॉर्न, ब्रेक, सलगमं रस्ताभर, आणि साहेब कुठे, तर चर्चच्या भिंतीवर, मांजरासारखे. परत आले ते पांढरेफटक. म्हणाले, "भयंकर आहे हे. मी याचा बंदोबस्त करतो." आम्ही टाळ्या वाजवल्या हो. ह्या हातांनी वाजवल्या.

केला बंदोबस्त. गावच्या सभेत लव्हलॉकनं नकाशा उलगडला आणि नाकातल्या आवाजात सांगतोय, "वळण सरळ करायचं तर एक बाजू जाणार. पलीकडे कबरी आहेत. मेलेल्यांना हलवायची परवानगी मिळत नाही. जिवंतांना हलवता येतं." सिरिल उभा राहिला. "अहो साहेब, आम्ही फक्त रस्ता ओलांडायची सोय मागितली होती." साहेब म्हणाले, "ती मंजूर आहे."

मी हेस्टरबाईंकडे बघितलं. जन्म त्या घरातला, नवरा गेला तो त्याच घरात, म्हटलं आता ही बाई कोसळणार. कोसळतेय कसली... पाडायच्या दिवशी दुपारी सगळ्यांना शेवटची बिअर ओतली, बुलडोझरवाल्यालाही एक ग्लास दिला, कोट चढवला आणि म्हणाल्या, "विल्फ, इतकी वर्षं तुझे तेच तेच विनोद ऐकलेत. मी चालले बहिणीकडे, समुद्रावर." मी विचारलं, "वाईट नाही वाटत, बाई?" त्यांनी दाराच्या चौकटीवर हात ठेवला. जरा जास्तच वेळ ठेवला. मग म्हणाल्या, "ग्लास धुवायचे राहिलेत. राहू देत." मोठी तुळई पडली तेव्हा आम्ही सगळ्यांनी टोप्या काढल्या. सिरिल तसाच उभा. काढायला टोपी होती कुठे त्याच्याकडे?

आणि सोय म्हणाल तर झाली. रस्त्यावर पांढरे पट्टे, दोन्हीकडे पिवळे दिवे. मुतारी जशीच्या तशी. काय थाटात ओलांडता येतं म्हणता, ट्रक थांबतात, ड्रायव्हर हातानं 'या' म्हणतात. पण प्यायल्याशिवाय माणूस तिकडे जाईल कशाला?

त्यामुळे संध्याकाळी मी घरात. लग्न झाल्यापासून एनिडनं आणि मी एकमेकांना इतकं कधी बघितलंच नव्हतं. थोडे दिवस तिनं सोसलं, मग हॅट घातली आणि तडक काउंटीच्या ऑफिसात. "आमच्या माणसांना दुसरा पब द्या." कारकून म्हणाला, "कुठे हवा?" ही म्हणाली, "लांब."

तर लांबच्या एका गावातल्या पबपर्यंत बस सुरू केली त्यांनी. पबचं दार उघडतं आणि परतीच्या बसचा हॉर्न वाजतो, यात जेमतेम एक ग्लास मावतो. तोसुद्धा उभ्यानं, कोट न काढता, ठसका लागेपर्यंत.

परवा सिरिल म्हणाला, "बसची वेळ बदला म्हणून अर्ज करू या." मी त्याच्या हातातलं पेन काढून घेतलं. म्हटलं, नको रे बाबा. त्यांनी ऐकलं म्हणजे?